गलोंड्याची सातवी बोअर

१

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला दोष द्यावासा वाटला तर शोधाशोध करायला नको. चव्वेचाळिसाव्या वर्षी कंटाळा आला की बायका केस रंगवतात, योगाचा क्लास लावतात. मी एक बोअर मारली. तीही न खणता.

गलोंड्याच्या पुढे एक बंद पडलेला डिझेलचा डेपो आहे. त्याच्या जमिनीखालच्या टाक्या गळत होत्या. किती वर्षं, ते कोणालाच माहीत नाही, आणि जमीन बिचारी मुकाट्याने पीत राहिली. आता टाक्या काढून नेल्यात. उरलंय ते मोकळं आवार, अर्धी पडलेली भिंत आणि जमिनीत रोवलेले सहा पाईप, वर कुलूप लावलेली लोखंडी टोपणं. या आमच्या सहा बोअरी. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी आणि कारभारी सिलवासाहून गाडी घेऊन जातो आणि खालच्या पाण्यात अजून तेल आहे का ते बघतो.

कारभारी म्हणजे आमचे ड्रायव्हर, पंपवाले आणि सगळंच. पन्नाशीचे, साक्रीकडचे. मी त्यांना कारभारीभाऊ म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. बारा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नाही, आणि प्रयत्न मी कमी केलेले नाहीत.

काम सोपं आहे. कारभारी पाईपात टेप सोडतात. टेपेच्या टोकाला एक स्टीलचा गोळा असतो. तो पाण्याला टेकला की टुक टुक टुक वाजतो, तेलाला टेकला की एकच लांब सूर धरतो. पाणी किती खाली आहे तो आकडा ते बोलतात, मी वहीत लिहिते. मग दोरीला बांधलेली लांबट नळी सोडायची, दोन झटके द्यायचे, एकदा सावकाश ओढायची, की ती भरते. पाणी खाकी बाटलीत, बाटली बर्फाच्या पेटीत, पेटी वापीच्या लॅबला.

आता लॅब डोळे मिटून आकडे देत नाही ना, हे बघायची एक जुनी युक्ती असते. एकाच बोअरच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या आणि दुसरीवर खोटं नाव घालायचं. दोन्हींचे आकडे जुळले तर लॅब जागी आहे. मी तीन नंबरचं पाणी दोनदा भरायचे आणि दुसऱ्या बाटलीवर लिहायचे, ‘सात’. इथवर सगळं नियमात.

मग सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरायची पद्धत आली. त्यात प्रत्येक बाटलीमागे बोअरची जागा विचारत होते. नकाशावर ठिपका दिल्याशिवाय पान पुढे सरकेना. सात नंबर कुठे आहे? मी कोणाला तरी फोन करून विचारायला हवं होतं. पण साडेपाच वाजले होते, मला भाजी घ्यायची होती. भिंतीच्या पलीकडे नुसतं हिरवं दिसत होतं, तिथे मी बोट टेकवलं. ठिपका पडला. मी भाजी घेतली.

२

डिसेंबरचा रिपोर्ट आला. एक ते सहा स्वच्छ. सातमध्ये डिझेल, लिटरमागे चार मिलिग्रॅम.

मी हसले. तीन नंबर आणि सात नंबर एकाच नळीतून ओतलेलं पाणी. एक स्वच्छ आणि एकात डिझेल, म्हणजे लॅबवाल्यांचं काहीतरी चुकलंय, आणि बघा, माझी युक्ती कशी कामाला आली. मी मधुकर सरांना, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मालकांना, मोठ्या तोऱ्यात जाऊन सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि बाटली नीट धुतली होती का ते विचारलं. बाटल्या माझ्याच ताब्यात असतात. मी तोरा घेऊन परत आले.

जानेवारीत मी नव्या, सील न तोडलेल्या बाटल्या नेल्या. एका नळीचं पाणी थोडं या बाटलीत, थोडं त्या बाटलीत, दोन मुलांना दूध वाटावं तसं ओतलं. तीन स्वच्छ. सातमध्ये अकरा.

३

आता मी थोडी हुशार आहे, निदान कॉलेजात तसं समजत होते. म्हणून फेब्रुवारीत मी एक प्रयोग केला.

दोन्ही बाटल्या चिठ्ठी न लावता भरल्या. कारभारींना सांगितलं, पाठीमागे धरा, अदलाबदल करा, कितीही वेळा करा, आणि मला दाखवू नका. भर दुपारी, मोकळ्या आवारात, पाठीमागे हात घेऊन बाटल्या फिरवणारा पन्नाशीचा माणूस आणि त्याच्यासमोर चिठ्ठ्या घेऊन उभी मी. रस्त्याने जाणारी एक रिक्षा हळू झाली. कारभारींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

त्यांनी उजवा हात पुढे केला. मी त्यावर ‘सात’ चिकटवलं. डाव्यावर ‘तीन’.

मनातल्या मनात मी ठरवलं होतं की बाटलीत खोट असेल तर या वेळी अर्धी अर्धी शक्यता आहे. कदाचित तीनमध्ये तेल निघेल, आणि मग प्रश्न बाटलीचा. कदाचित दोन्हींत निघेल, मग प्रश्न नळीचा. या दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

तीन स्वच्छ. सातमध्ये छत्तीस.

घरी मंगेशला सांगितलं. मंगेश म्हणजे माझा नवरा, इथल्या शाळेत गणित शिकवतो. तो म्हणाला की तीनदा छापा पडणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. भात लावला. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ते बरं वाटणं संपलं होतं, कारण नाणं फक्त एकदाच उडवलं होतं. बाकी दोन वेळा मी स्वतः ओतलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. कुठेतरी माझीच गफलत असणार, आणि ती सापडली की मी स्वतःला चार शिव्या देऊन मोकळी होणार, असा बेत.

सात नंबरला पाईप नाही, त्यामुळे पाण्याची पातळी नाही. वहीत तिथे रेघ असायला हवी. रेघ नव्हती. डिसेंबरला लिहिलं होतं ३.४०. जानेवारीला २.५५. फेब्रुवारीला १.६०. अक्षर माझं. माझ्या पाचाची शेपटी खालच्या ओळीत घुसते, तशी ती घुसलेली.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या वयात माणूस विसरतो. मी फ्रीज उघडून कशाला उघडला ते विसरते. पण मी आकडे मनाने लिहीत नाही. कारभारी बोलतात तेच लिहिते, ते बोलले नाहीत तर पेन उचलत नाही. कारभारींना विचारलं, तुम्ही आकडे किती बोलता? ते म्हणाले, सहा.

मग माझ्या लक्षात आलं ते जास्त वाईट होतं. बाकीच्या सहा बोअरींचं पाणी दर महिन्याला खाली जात होतं. उन्हाळ्याकडे जाणारच. सात नंबरचं वर येत होतं. महिन्याला मीटरभर.

मी नकाशा उघडला. माझा ठिपका होता तिथेच होता. नकाशावरचा फोटो मात्र आता बदलला होता, ताजा आला होता, आणि हिरव्याच्या जागी एक छप्पर होतं. ठिपका बरोब्बर छपरावर होता.

५

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सहा बोअरी उरकून आम्ही भिंतीच्या पलीकडे गेलो.

दोन खोल्यांचं घर. विटा, वर पत्रा, दारात तुळस लावलेला तेलाचा डबा. बायडाबाई नावाची म्हातारी ज्वारी निवडत बसली होती. नंदुरबारकडची. वाळू नावाचा तिचा मुलगा खडोलीला दोऱ्याच्या कारखान्यात जातो, सून त्याच कारखान्यात पॅकिंगला. हे घर वाळूने स्वतः बांधलेलं, रविवारी रविवारी, दोन वर्षं. नात गुड्डी, पाच वर्षांची, माझ्या पिवळ्या हेल्मेटकडे बघत राहिली. मी ते काढून तिला दिलं.

पाण्याची तपासणी आहे, एवढंच आम्ही सांगितलं. म्हातारीने काही विचारलं नाही. इथे सारखं कोणी ना कोणी काही ना काही तपासायला येतं. तिने चहा ठेवला.

आतली खोली गार होती. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला पत्र्याची धान्याची कोठी, कोपऱ्यात गुंडाळलेली गोधडी. दारातून येणारा उजेड त्या कोपऱ्यापर्यंत पोचत होता, तरी कोपरा नीट दिसत नव्हता. वास आला. अगदी थोडा. एसटी स्टँडवर गाडी सुरू करताना येतो तो.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं की इथे ओल येते का. बायडाबाई म्हणाली, ओल नाही, जमीन खचते. एवढीशी. तिने दोन्ही हातांच्या बोटांनी गोल करून दाखवला. आमच्या पाईपाच्या तोंडाएवढा. ती माती भरते, चोपते, सारवते. पंधरा दिवसांत पुन्हा.

“अन् पाल लय वरडते तिथं,” ती म्हणाली. “आधी बारीक वरडे. टुक टुक. आता लांब सूर काढते.”

हेल्मेटच्या आतून गुड्डीने लगेच करून दाखवलं. टुक टुक टुक, आणि मग एक लांब, सरळ, न तुटणारा सूर, श्वास संपेपर्यंत. पोरांना नक्कल चांगली जमते. मी तिला शाबास म्हणाले.

ती गोधडी कोणाची, ते मी विचारलं. गुड्डीची. ती तिथेच झोपते. जमीन गार लागते ना.

६

कारभारींनी कोपऱ्यालगतची कोठी सरकवली. सारवलेल्या जमिनीवर एक काळसर गोल होता, सायीसारखा सुरकुतलेला. त्यांनी टेपेचा गोळा त्यावर नुसता टेकवला. साय फाटली. गोळा आत गेला.

सत्तर सेंटिमीटरवर सूर लागला. लांब सूर. ते आकडा बोलले नाहीत, मी लिहिला नाही. तरी मी नंतर वही उघडली तेव्हा तो तिथे होता.

टेप त्यांनी तिथे थांबवली होती. दोन बोटांत धरून. आणि तरी ती सरकली. एक झटका, दुसरा झटका, मग एक सावकाश ओढ. मी गेली बारा वर्षं कारभारींचा हात बघते आहे, नळी भरताना तो असाच हलतो. आता तो हात स्थिर होता आणि टेप हलत होती.

घुशीने केलं असेल. खाली पोकळी असेल, माती सुटत असेल. मी हे सगळं त्या वेळी खरंच मनात म्हटलं, याद्या करायची मला सवयच आहे. आणि यादी करता करता वाकून आत पाहिलं.

मला वाटलं होतं अंधार दिसेल, नाहीतर माझं तोंड. आत उजेड होता. हातभर खाली काळं पाणी, आणि त्या पाण्यात स्वच्छ दुपारचं आभाळ. आमच्या डोक्यावर पत्रा होता. आभाळाच्या कडेला एक हात होता, निळा हातमोजा घातलेला, आम्ही घालतो तसला. मी तेव्हा हातमोजे काढलेले होते. त्या हातात पांढरी दोरी होती, आणि दोरी सैल सोडत सोडत तो काहीतरी खाली सोडत होता. खाली म्हणजे आमच्याकडे.

“बाई काय दिसलं?” गुड्डीने विचारलं.

मी मागे सरकले. कारभारींनी टेप ओढून घेतली, फडक्याने पुसली, गुंडाळली. सायीची कड कडेला मिळत गेली आणि गोल बंद झाला. मग ते बायडाबाईला म्हणाले, “आजी, पोरीला बाहेरच्या खोलीत झोपवा. आजपासून.”

गाडी गलोंड्याला आली. मग मी विचारलं, त्यांनी आत पाहिलं का. ते म्हणाले, ते टेपकडे बघत होते.

७

महिन्याला मीटरभर, आणि उरले होते सत्तर सेंटिमीटर. गणिताच्या मास्तराची बायको असूनही हे गणित मला जमत होतं. पुढच्या महिन्याच्या मंगळवारच्या आधी ते जमिनीला लागणार होतं.

बायडाबाईच्या मुलाला, वाळूला, भेटले. कारखान्याच्या गेटवर, जेवणाच्या सुट्टीत. घर सोडा म्हटलं. त्याने अदबीने विचारलं, कशासाठी. पाण्यात तेल आहे म्हटलं. तो म्हणाला, आम्ही टँकरचं पितो.  बाकी जे उरलं होतं ते मी एका शहाण्या माणसाला, त्याच्या डब्यातल्या भाकरीकडे बघत, कसं सांगणार?

मधुकर सरांकडे गेले. सात नंबर काढून टाका म्हटलं, तो माझा खोटा आहे. त्यांनी मला खोटी बोअर, खरी चूक आणि ऑफिसचं नाव या विषयावर बरंच ऐकवलं, आणि ते सगळं बरोबर होतं. मग ते म्हणाले की एकदा आकडे भरले की बोअर पुसता येत नाही. जागा फक्त बदलता येते, एकदाच, दुरुस्ती म्हणून. रिकामी ठेवता येत नाही.

म्हणून त्याच दुपारी मी नकाशासमोर बसले.

आधी डेपोच्या आवारातच टाकायला गेले. कॉम्प्युटरने नाही म्हटलं, आधीच्या सहा बोअरींपासून अंतर कमी आहे. मग खेरडी गावाकडे सरकले. शेतं. हिरवी, मोकळी. बोट टेकवणार तेवढ्यात थांबले. हिरवं म्हणजे रिकामं, हे मी एकदा धरून चाललेच होते. रस्ता घेतला, रस्त्याच्या कडेला कोणीतरी राहतं. नदी घेतली, दमणगंगेचं पाणी पुढे सगळे पितात. एक ओसाड टेकडी सापडली, मोठी करून पाहिली तर पायवाट होती, आणि पायवाट कोणाच्या तरी पायानेच पडते.

चहा आला, गार झाला. मी सगळा नकाशा पालथा घातला, आणि कुठल्या जमिनीवर कोण झोपतं हे मला खात्रीने सांगता येईल अशी एकच जागा निघाली. आमची बिल्डिंग. दुसरा मजला, खाली पार्किंग. पाण्याला दोन मजले चढावे लागतील, असाही एक विचार केला, आणि त्या विचारावर मला स्वतःचं कौतुकही वाटलं. माझं हे असंच असतं.

कॉम्प्युटरने विचारलं, ही जागा साइटपासून बरीच लांब आहे, नक्की? मी नक्की म्हटलं.

मंगेशला सांगितलं नाही. काय सांगणार?

८

एप्रिलच्या मंगळवारी आम्ही आधी बायडाबाईकडे गेलो. आतली खोली तशीच गार होती, पण वास नव्हता. कोपरा कोपऱ्यासारखा दिसत होता. कारभारींनी टाचेने जमीन ठोकून पाहिली. भरीव आवाज आला. म्हातारी म्हणाली, महिना झाला, खचली नाही, आणि पालही कुठे गेली कोण जाणे. गुड्डी पुन्हा तिथेच गोधडी टाकायला लागली होती. मी तिला हटकलं नाही. मी दारातच बसून घेतलं.

मग सहा बोअरी. सगळ्यांचं पाणी आणखी खाली. कारभारी सहा आकडे बोलले. मी सहा लिहिले, पेनचं टोपण लावलं, पेन पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन ओढली. वही मांडीवर उघडीच होती.

सात नंबरपुढे होतं ९.४०. पाचाची शेपटी यायचं कारणच नव्हतं, पण नऊ माझाच होता.

जमिनीखाली तीन मीटर चाळीस, जिथे डिसेंबरला होतं तिथे. वरचे सहा मीटर म्हणजे आमचे दोन मजले. कोणीतरी माझ्या स्वयंपाकघरातून मोजलं होतं.

मी कारभारींना सगळं सांगितलं. ठिपका कुठे हलवला ते. आणि जे मंगेशला सांगितलं नव्हतं तेही, की आज सकाळी गॅसच्या सिलिंडरमागे फडकं मारताना एक फरशी पोकळ वाजली. सिलिंडर हलवून पाहिला तर फरशीवर ओला गोल होता, एवढासा. मी तो पुसला. डबा भरून निघेपर्यंत तो परत आला होता. महिन्याला मीटर धरला तर नऊ महिने आहेत, म्हटलं, पुढच्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत तरी काही नाही. हे मी हसत सांगितलं. 

कारभारी गाडीच्या बोनेटला टेकून ऐकत होते. सगळं ऐकलं. टेप पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली, किल्लीसाठी खिसे चाचपले. मी वाट बघत होते की ते म्हणतील, मॅडम, वेडेपणा आहे, घरी जा, झोपा. मला तेवढंच हवं होतं.

“मग मॅडम,” ते म्हणाले, “सात नंबरला बूट बाहेर काढून यावं लागंल.”